व्यायामाने गोळ्या सुटतील का?

"ताई, हा दिवसभर नुसता लोळतो. जिमला घातलं तर गोळ्या सुटतील का?" खुर्चीत टेकता टेकताच आईंनी विचारलं. स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि संशयाचा मानसिक आजार, असलेल्या मुलांच्या घरून हा प्रश्न या ना त्या रूपात येतोच.

विकास (नाव बदललं आहे) २७ वर्षांचा. भास बरेच कमी झालेले, पण त्यासाठीची ओलान्झापिन ही गोळी सुरू झाल्यापासून वर्षभरात १२ किलो वजन वाढलेलं. मामांनी जिमचे तीन महिन्यांचे पैसे परस्पर भरून टाकले. दोन दिवस गेला. आरशांतून सगळे आपल्याकडेच बघतायत असं त्याला वाटू लागलं. तिसऱ्या दिवशी तो अंथरुणातून उठलाच नाही आणि घरात निकाल लागला: आळशी आहे.

हा आळस नव्हे, आजारच आहे. भास आणि संशय गोळीने आटोक्यात येतात. पण काही करावंसंच न वाटणं, बोलणं आटणं, यावर गोळीची मात्रा फारशी चालत नाही. व्यायाम कामाला येतो तो इथे. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या २००७ च्या अभ्यासात चार महिने योगासनं करणाऱ्यांची ही लक्षणं इतर व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक कमी झाली. पण गोळ्या चालू ठेवून, हे मी आईंना दोनदा ऐकवलं. शिवाय या आजारातली माणसं इतरांपेक्षा दहा-वीस वर्षं आधी जातात, त्यातली बरीच हृदयविकाराने. म्हणून आधी डॉक्टरांकडून साखर, बीपी, ईसीजी करून घेतलं.

पहिला आठवडा मी चालायला सांगितलंच नाही. संध्याकाळी चपला घालायच्या, फाटकापर्यंत जायचं, परत यायचं. "एवढंच?" विकासने विचारलं. त्या दिवशी तो माझ्याशी बोलला तो एवढाच एक शब्द.

पुढच्या आठवड्यात बाबा सोबत निघाले आणि गाडी अडली. चालता चालता त्यांचं सुरू व्हायचं, "बघ, शेजारचा मुलगा..." विकास माघारी फिरायचा. बाबांना म्हटलं, तोंड बंद ठेवून चालायचं. त्यांना ते मुलाच्या चालण्यापेक्षा जड गेलं, पण जमलं. दोन महिन्यांत दोघं अर्धा तास, आठवड्यातून चार दिवस चालू लागले.

मग मामा पुन्हा आले. "आता बरा दिसतो, गोळ्या कशाला?" आठ दिवस बंद. झोप उडाली, कुजबुज परतली. डॉक्टरांनी लगेच पुन्हा सुरू केल्या, म्हणून थोडक्यात निभावलं.

परवा आईंचा फोन. वजन दोनच किलो उतरलंय, ही तक्रार. "आणि परत येताना वडापाव खातो, त्याचं काय करू?"

"वडापाव मागतं कोण? बाबा?"

"नाही, हाच. वर चटणी जास्त घाल म्हणून सांगतो."

वडापावचं नंतर बघू म्हटलं.