तेवीस पाठ, पण ‘का?’ला उत्तर नाही

प्रश्न : मी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्लेसमेंटसाठी डिझाइन पॅटर्नचे (कोड लिहिताना पुन्हापुन्हा येणाऱ्या अडचणींवरच्या ठरलेल्या तोडग्यांचे) तेवीसही प्रकार आकृत्यांसकट पाठ केले. मॉक इंटरव्ह्यूत विचारलं, ‘प्रोजेक्टमध्ये कुठला वापरलास?’ मी म्हटलं, सिंगलटन, म्हणजे क्लासचा एकच ऑब्जेक्ट सगळीकडे वापरायचा, डेटाबेसच्या कनेक्शनसाठी. ‘का?’ म्हटल्यावर गप्पच बसले. प्रोजेक्ट जावात आहे, हॉस्टेलच्या मेसच्या हिशेबाचा. पॅटर्नचा एक महागडा कोर्स आहे, बाबा पैसे भरायला तयार आहेत. करू का?

उत्तर : बाबांना आधी सांग, पैसे राहू देत. तुला लागणारा सगळा ऐवज तुझ्या मेसच्या प्रोजेक्टमध्येच आहे.

तू पाठ केलेली यादी १९९४च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या पुस्तकातली. गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस या चौघांचं हे पुस्तक. त्यांनाच ‘गँग ऑफ फोर’ म्हणतात. त्यातली उदाहरणं सी++ आणि स्मॉलटॉकमधली आहेत, कारण जावा तेव्हा लोकांसमोर आलीच नव्हती. या चौघांनी पॅटर्न बसून शोधून काढले नाहीत. चालू सॉफ्टवेअरमध्ये अनुभवी मंडळी पुन्हापुन्हा जे करत होती, त्याला त्यांनी नावं दिली. आधी अडचण, मग तोडगा, मग नाव. तू नावापासून सुरुवात केलीस, म्हणून ‘का?’ला अडलीस. पुस्तकात प्रत्येक पॅटर्नखाली ‘परिणाम’ असा एक भाग आहे: हा वापरलात तर काय मिळेल आणि काय मोजावं लागेल. मुलं आकृती पाठ करतात आणि नेमका तोच भाग गाळतात. इंटरव्ह्यू घेणारा तिथलंच विचारतो.

आता मेसकडे ये. महिन्याचा मेंबर, एकवेळचा मेंबर, पाहुणा, खाडे. तुझ्या बिल काढणाऱ्या मेथडमध्ये या सगळ्यांची इफ-एल्सची उतरंड असणार, पैज लावते. उद्या रेक्टर म्हणाले, ‘सलग चार दिवस खाडा असेल तरच पैसे वजा, आणि दिवाळीचे दिवस सगळ्यांचेच वजा.’ तू तीच मेथड उघडणार, खाड्याचं गणित बदलणार आणि पाहुण्याच्या ताटातूनही पैसे कापले जाणार. हा मनस्ताप एकदा होऊ दे. मग प्रत्येक नियमाचा वेगळा क्लास कर, सगळ्यांना एकच इंटरफेस दे, त्यात ‘रक्कम काढ’ ही एकच मेथड ठेव. बिल काढणाऱ्याने फक्त हाती आलेल्या नियमाला रक्कम विचारायची. नियम कुठला, हे त्याला कळायचं कारण नाही. यालाच स्ट्रॅटेजी म्हणतात. मेंबरचे दोनच प्रकार असते आणि नियम कधी बदलणारच नसते, तर मी इफ-एल्सच ठेवलं असतं. हेही इंटरव्ह्यूत बिनधास्त सांग.

सिंगलटनचं दुखणं माझ्या ओळखीचं आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका पतसंस्थेच्या वेब सॉफ्टवेअरमध्ये मी ‘लॉगिन केलेला कर्मचारी’ सिंगलटनमध्ये ठेवला. माझ्या मशीनवर झकास चाललं, कारण तिथे मी एकटीच होते. शाखेत दोन खिडक्या सुरू झाल्या आणि एका खिडकीच्या पावतीवर दुसऱ्या खिडकीतल्या कॅशिअरचं नाव छापून येऊ लागलं. सर्व्हरवर ऑब्जेक्ट एकच, शेवटी लॉगिन करणाऱ्याचं नाव त्यात. संध्याकाळी कोणाचीच कॅश जुळेना. खुद्द गॅमांनी २००९मध्ये एका मुलाखतीत सांगितलं होतं की यादीतून सिंगलटन काढून टाकावा असं त्यांना वाटतं. तेव्हा पुढच्या वेळी म्हण, ‘प्रोजेक्ट एका मशीनवर, एकच जण वापरणारा, म्हणून एक कनेक्शन पुरलं. एकाच वेळी अनेक जण वापरू लागले तर व्यवहार एकमेकांत मिसळतील, तेव्हा मी कनेक्शन पूल, म्हणजे आळीपाळीने वापरायच्या अनेक कनेक्शन्सचा साठा, घेईन.’ पाठांतर करणाऱ्याकडून हे उत्तर येत नाही.

बाकीचे पॅटर्नही तुझ्या हाताखालून गेलेत. पहिल्या प्रॅक्टिकलला कीबोर्डवरून ओळ वाचायला इनपुटस्ट्रीमरीडर बफर्डरीडरमध्ये गुंडाळला होतास ना? इनपुटस्ट्रीमरीडर बाइट्सची अक्षरं करून देतो, तो अॅडॅप्टर. बफर्डरीडर त्याच रीडरला वरून बफरची सोय जोडतो, तो डेकोरेटर. एका ओळीत दोन. सॉर्टला कम्पॅरेटर देतेस ती स्ट्रॅटेजीच. इटरेटर तर भाषेनेच गिळलाय, फॉर-इच लूप लिहिताना त्याचं नावही घ्यावं लागत नाही. स्ट्रॅटेजी, डेकोरेटर, अॅडॅप्टर, ऑब्झर्व्हर आणि फॅक्टरी मेथड, एवढे पाच पक्के कर. व्हिजिटर, फ्लायवेट वगैरे पुढे गरज पडली की बघशील.

एक खरं सांगू? बऱ्याच ठिकाणी फ्रेशरची विकेट पॅटर्नवर नाही, इंटरफेस आणि अॅबस्ट्रॅक्ट क्लासमधल्या फरकावर किंवा एसक्यूएलच्या साध्या जॉइनवर पडते. रोजचा तास तिकडे घाल.

या रविवारी फीस्टच्या ताटाचा वेगळा दर प्रोजेक्टमध्ये घाल. आधी आहे त्या कोडमध्ये, मग नियम वेगळे काढल्यावर. दोन्ही वेळा किती फाइल्सना हात लावावा लागला आणि जुनं काय बिघडलं, ते मला लिहून पाठव.