परकीय कीड पुढे कुठे पसरेल आणि तिला मारणारे मित्रकीटक तिथे तग धरतील का, हे आधी सांगता येतं का?

कुठे तग धरेल, हे बऱ्यापैकी सांगता येतं. नेमकी कधी पोहोचेल, हे सांगणं फार अवघड. कारण ती वाऱ्याबरोबर जाते तशी रोपांच्या, मालाच्या खेपांतूनही जाते.

अमेरिकन लष्करी अळीचंच बघा. तिला सुप्तावस्था (वाढ थांबवून थंडी काढण्याची सोय) नाही, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत ती मरते. उत्तर अमेरिकेत ती हिवाळा दक्षिण फ्लोरिडा आणि टेक्सासमध्ये काढते आणि दरवर्षी पतंग पुन्हा उत्तरेकडे उडत जातात. म्हणून नकाशावर 'कायमचा मुक्काम' आणि 'हंगामी पाहुणी' असे दोन वेगळे पट्टे दाखवावेच लागतात. क्लायमेक्ससारखी मॉडेल्स तापमान आणि ओलाव्यावरून हेच मांडतात.

मित्रकीटकांचा नकाशा मात्र वेगळाच काढावा लागतो, आणि माझ्या मते खरी चूक इथेच होते. कीड जगते तिथे तिचा शत्रू जगेलच असं नाही. या अळीची अंडी थरांनी, वर केसाळ खवल्यांखाली असतात. ट्रायकोग्रामा आणि टेलेनोमस रेमस या किडीच्या अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या. ट्रायकोग्रामाला आतल्या थरापर्यंत सहसा पोहोचता येत नाही, टेलेनोमस रेमसला येतं. हा फरक हवामानाच्या आकड्यांत दिसतच नाही!

जोडी जमली की काय होतं, ते कसावावरच्या (ज्याच्या कंदापासून साबुदाणा होतो ते पीक) पिठ्या ढेकणाने दाखवलं. दक्षिण अमेरिकेतला ॲनागायरस लोपेझी हा त्याच्यावर जगणारा परजीवी मित्रकीटक 1981 मध्ये नायजेरियात सोडला आणि तो आफ्रिकेच्या कसावा पट्ट्यात स्थिरावला. 2008 मध्ये ही कीड थायलंडमध्ये आढळली, तेव्हा पुढच्याच वर्षी तोच कीटक तिथे नेता आला.