कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, जिनिंगवर, नवीन सुपरवायझर झालेल्या पोरीला

४५ ते ५५ वयाच्या बायांकडे जरा नीट बघ, पोरी. पाळी जायच्या दिवसांत अंगातून एकदम वाफा निघतात, रात्रीची झोप उडते. एखादी कापूस निवडता निवडता डोक्याचा फडका सोडून दाराशी जाऊन उभी राहिली, तर तिला कामचुकार म्हणू नको. तिला रेच्यापासून, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रापासून, हलव, हवेशीर जागा दे. मालक कुरकुरेल, कुरकुरू दे. संडासाची किल्ली मुकादमाच्या खिशात नको; मागायला लाजतात, मग दिवसभर पाणीच पीत नाहीत. खाडा पडला तर चारचौघांत कारण विचारू नको. आणि वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्त गेलं, तर काढे-बिढे नाही, सरळ ग्रामीण रुग्णालयात पाठव.