चांगलं वागायचं म्हणजे सगळं सोसायचं का?

‘मी सगळ्यांशी चांगलं वागते, मग मलाच सगळे गृहीत का धरतात?’ समुपदेशन करताना श्रद्धाळू माणसांकडून हा प्रश्न मी वारंवार ऐकते. त्याचं उत्तर शोधताना एका बाईंनी जो प्रवास केला, तो त्यांच्या संमतीनं इथे सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या चाळिशीतल्या, ख्रिस्ती घरात वाढलेल्या, रोज सकाळी बायबल वाचणाऱ्या. आल्या त्या वेगळीच तक्रार घेऊन. रात्री झोप लागत नाही आणि शाळेत जाणाऱ्या लेकीवर क्षुल्लक कारणानं आवाज चढतो. ‘ताई, वचन वाचून उठते आणि लगेच पोरीवर खेकसते. माझी श्रद्धा खोटी आहे का?’ हे विचारताना त्यांना रडू आवरेना.

कार्यालयाचा विषय बऱ्याच उशिरा निघाला, तोही सहज. एक सहकारी स्वतःचं काम यांच्याकडे आणून द्यायचा. ‘तुमच्याइतकं नेटकं कुणाला जमत नाही हो’, एवढं म्हटलं की झालं. तयार झालेलं काम वरिष्ठांसमोर मात्र त्याच्या नावानं जायचं. या हसून ‘चालेल’ म्हणायच्या आणि संध्याकाळी उशिरापर्यंत बसायच्या. कधी काही बोललात का, असं विचारल्यावर म्हणाल्या, ‘एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करावा, असं प्रभूनं सांगितलंय. मग मी भांडू कशी?’

समुपदेशनात धर्मग्रंथ मी आपणहून आणत नाही. पण समोरच्या माणसानं तो आणला, तर बाजूलाही सारत नाही. ज्या वचनांवर एखाद्यानं आयुष्य उभं केलंय, त्याला ‘ते राहू द्या, नकार द्यायला शिका’ असं सांगणं हा त्याचा अपमान आहे. त्यानं फरकही पडत नाही. माणूस मान डोलावतो आणि घरी जाताना अपराधीपणाचं ओझं आणखी वाढवून नेतो.

आधी मी त्यांना एक लेखी काम दिलं. मनाविरुद्ध ‘हो’ म्हटलं, की त्या क्षणी मनात काय होतं ते त्याच दिवशी वहीत टिपायचं. पुढच्या भेटीत त्यांनी वही वाचून दाखवली. ‘त्याला राग येईल.’ ‘मी गर्विष्ठ वाटेन.’ ‘चर्चला जाते आणि अशी वागते, म्हणतील.’ वाचता वाचता त्या स्वतःच थांबल्या. ‘ताई, यात त्याच्याबद्दल प्रेम कुठेच नाही. नुसती भीती आहे.’

त्यानंतर काम खऱ्या अर्थानं सुरू झालं. ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ ही आज्ञा त्यांना तोंडपाठ होती. ती बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात 18व्या ओवीत आहे. मी त्यांना 17वी ओवी वाचायला सांगितली. भावाचा मनातल्या मनात द्वेष करू नकोस, शेजाऱ्याला त्याची चूक स्पष्ट सांग, असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे प्रीतीच्या आज्ञेला लागूनच चूक सांगण्याची आज्ञा आहे. न बोलता साठत गेलेला राग द्वेष होतो, हे तिथे किती नेमकं ओळखलंय! यांचा राग सहकाऱ्यापर्यंत कधी पोहोचलाच नव्हता. तो घरी येऊन लेकीवर निघत होता, कारण तिथे बोलायला भीती नव्हती. बायबलमधल्याच इफिसकरांस पत्राच्या 4थ्या अध्यायातही राग येण्याला मनाई नाही. रागात पाप करू नका आणि तो सूर्यास्तापलीकडे बाळगू नका, असं सांगितलं आहे. यांचे कित्येक सूर्यास्त तसेच गेले होते.

गालाचा प्रश्न मात्र त्यांना सुटत नव्हता. मला वाटतं तो खूप जणांना सुटत नाही. तेव्हा आम्ही योहानाच्या शुभवर्तमानाचा 18वा अध्याय काढला. हन्ना या यहुदी धर्मपुढाऱ्यासमोर चौकशी चालू असताना एक शिपाई येशूला चपराक मारतो. येशू उलटून मारत नाही, शापही देत नाही. पण गप्पही बसत नाही. मी चुकीचं बोललो असेन तर दाखवून दे, बरोबर बोललो असेन तर मारतोस का, असं सरळ विचारतो. ज्यानं दुसरा गाल पुढे करायला सांगितलं, त्याचंच हे वागणं. सूड घ्यायचा नाही, हे दोन्ही ठिकाणी कायम आहे. अन्यायाला अन्याय म्हणायला मात्र कुठेच बंदी नाही. त्या हा भाग पूर्वी अनेकदा वाचून गेल्या होत्या. या वेळी त्या त्यावर बराच वेळ थांबल्या.

मग गलतीकरांस पत्राचा 6वा अध्याय. एकमेकांची ओझी वाहा, असं दुसऱ्या ओवीत आहे. प्रत्येकानं आपापला भार वाहिला पाहिजे, असं पाचव्या ओवीत. सहकाऱ्याच्या घरी आजारपण असतं, तर त्याचं काम ओढणं हे पहिल्या प्रकारात बसलं असतं. तो नुसता कंटाळा करत होता. त्याचा भार उचलून या त्याचंही भलं करत नव्हत्या.

काय बोलायचं याचा आम्ही सराव केला. मी सहकारी व्हायचे, त्या उत्तर द्यायच्या. सुरुवातीला वाक्य माफीनं सुरू व्हायचं, मग एकदम तीन वर्षांचा हिशोब बाहेर पडायचा. नीतिसूत्रांच्या 15व्या अध्यायात म्हटलं आहे की मृदू उत्तरानं कोप शमतो. तोच आमचा मापदंड ठरला. आवाज खाली, पण वाक्य पूर्ण. शेवटी ठरलं ते इतकंच: ‘हा अहवाल तुमच्याकडे आहे, तो तुम्हीच करा. कुठे अडलं तर मी समजावून सांगेन. आणि आधीच्या अहवालांवर माझं नाव नव्हतं, याचं मला वाईट वाटलं.’ मत्तयच्या 18व्या अध्यायातल्या सांगण्याप्रमाणे त्या आधी एकांतात बोलल्या, चारचौघांत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते. मारहाण, लैंगिक छळ किंवा धमक्या असतील, तर एकटीनं जाऊन समजावण्याचा हा मार्ग नाही. तिथे आधी सुरक्षित जागा आणि विश्वासातलं माणूस, मग तक्रार. क्षमेचं वचन पुढे करून कुणी तुम्हाला त्या घरात परत पाठवत असेल, तर ऐकू नका.

सहकाऱ्याला ते आवडलं नाही. त्यानं बोलणं तोडलं, मागे टोमणेही मारले. त्या दिवसांत बाई पुन्हा डळमळल्या. ‘मी शांती मोडली का?’ असं विचारू लागल्या. आम्ही रोमकरांस पत्राचा 12वा अध्याय पाहिला. तुमच्याकडून होईल तितकं सर्वांशी शांतीनं राहा, असं हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल सांगतो. त्यात दुसऱ्याच्या वाट्याची जबाबदारी येत नाही. त्यांनी नमस्कार करणं थांबवलं नाही, त्याच्याबद्दल कुणाकडे वाईट बोलल्या नाहीत आणि अहवालही केला नाही. पुढे त्यानं पुन्हा काम ढकललं, तेव्हा दोघांनी मिळून वरिष्ठांशी बोलावं, असं त्यांनी त्याला आधी सांगून सुचवलं. कामाची वाटणी आता लेखी होते. मैत्री झालेली नाही, कामापुरतं बोलणं आहे.

लेकीची माफी त्यांनी मागितली, तेव्हा ‘आई, तू मला का ओरडायचीस?’ असं तिनं विचारलं. त्यांनी कारण खरं खरं सांगितलं. झोप अजून पूर्ण सुधारलेली नाही, त्यावर आमचं काम चालू आहे.