घरी येऊन टॅबसकट कोर्स विकणाऱ्या कंपनीकडून आठवीतल्या मुलीसाठी टॅब घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी आठवीत आहे, कंपनीचा माणूस घरी येऊन तिची ‘फ्री टेस्ट’ घेऊन गेला, टॅबसह तीन वर्षांचा कोर्स ४८ हजारांना देतोय, महिन्याला दोन हजार हप्ता, आणि रविवारी तो पुन्हा येणार आहे. शिक्षणात आता तंत्रज्ञान लागतंच, मग घ्यावा का, आणि कुठल्या कंपनीचा चांगला?

नका घेऊ. कुठल्याच कंपनीचा नको. का ते सांगते, पण जरा लांबेल, कारण तुमच्या प्रश्नातल्या ‘फ्री टेस्ट’पाशीच माझं डोकं फिरलंय.

मी आता पुण्यात टीईला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्स. २०२१ ची दहावी, म्हणजे लोक जिला ‘कोरोना बॅच’ म्हणून हसतात ती. गाव सांगोला तालुक्यात. घरी एचएफ जातीच्या तीन गाई, थोडं डाळिंब. जानेवारी २०२१ मध्ये एका सकाळी आण्णा, म्हणजे माझे वडील, डेअरीत दूध घालून आले आणि मागोमाग माझा मामा मोटारसायकलवर टाय लावलेल्या एका माणसाला घेऊन आला. मामाच्या मित्राच्या ओळखीतला कुणीतरी. त्या माणसाने आण्णांना ‘सर’ म्हणून हाक मारली. आण्णांना आयुष्यात कुणी सर म्हणालं नव्हतं. ते एकदम सावरून बसले, पायाला शेण होतं ते खुर्चीखाली घेतलं.

चहा झाल्यावर त्याने मला समोर बसवलं. “बेटा, व्हॉट इज द फॉर्म्युला फॉर एरिया ऑफ अ सेक्टर?”

मी मराठी माध्यमाची. सेक्टर म्हणजे मला नवी मुंबईतले सेक्टर माहीत, तिथे आत्या राहते. मी गप्प. त्याने पॅडवर गोल शून्य काढलं आणि पॅड माझ्याकडे नाही, आण्णांकडे फिरवलं. असे पाच प्रश्न, सगळे इंग्रजीत. एकाचं उत्तर आलं. “सर, मुलगी हुशार आहे, पण बेसिक कच्चं आहे. आत्ता लक्ष दिलं नाही तर दहावीनंतर सायन्स विसरा.”

आण्णा माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. आजारी गाईकडे बघतात तसं, म्हणजे आता किती खर्च येईल असं.

रात्री मी भूमितीचं पुस्तक उघडलं. सेक्टर म्हणजे वर्तुळपाकळी. महत्त्वमापनाचं प्रकरण, थीटा भागिले ३६० गुणिले पाय आर वर्ग. मला ते सूत्र झोपेतही आलं असतं. त्याच आठवड्यात त्यावरची सात उदाहरणं वहीत सोडवलेली होती. पण तोवर आण्णांचा फोन त्या माणसाच्या हातात जाऊन परत आला होता. आधारचा फोटो, पासबुकाचा फोटो, आण्णांचा फोटो, आणि तीन वेळा आलेला ओटीपी. आण्णांनी कुठेही सही केली नाही. तरी कर्ज झालं! एकूण ३८ हजार, त्यातले दोन हजार रोख आणि बाकीचे दोन-दोन हजारांचे १८ हप्ते. आधीच्या लॉकडाउनात गाईच्या दुधाला वीस रुपयांच्या आसपास दर पाहिलेला माणूस तो, दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो त्यातून पेंडीचे पैसे कापून हातात काय राहत असेल याचा हिशोब तुम्हीच करा.

टॅब आला. आतला अभ्यास मेमरी कार्डात भरलेला. त्यांच्या ॲपशिवाय दुसरं काही उघडायचं नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पण त्या टॅबवर तीही उघडता येत नव्हती. व्हिडिओ मात्र देखणे होते, खोटं कशाला बोलू. ग्रह फिरायचे, त्रिकोण दुमडायचे, मागे संगीत. मराठी सोय आहे म्हणून सांगितलं होतं, प्रत्यक्षात निवेदन इंग्रजी आणि खाली मधूनमधून मराठी अक्षरं. ‘टॅन्जंट’ म्हणजे स्पर्शिकाही आणि त्रिकोणमितीतला टॅनही, हे कळायला मला दोन दिवस लागले. व्हिडिओ संपला की हिरवी बरोबरची खूण यायची. दर रविवारी आण्णांच्या फोनवर मेसेज यायचा, तुमच्या पाल्याची प्रगती ८२ टक्के. आण्णा तो मेसेज डेअरीत लोकांना दाखवायचे.

ती प्रगती म्हणजे किती व्हिडिओ शेवटपर्यंत चालले त्याचा आकडा. मी एकदा चार्जिंगला लावून व्हिडिओ चालू ठेवला आणि वैरण कापायला गेले, तरी दोन टक्के वाढले.

ऑक्टोबर २०२१ मध्ये ग्रामीण भागातल्या शाळा-कॉलेजं प्रत्यक्ष सुरू झाली. मी अकरावी सायन्सला. त्याच टॅबवर अकरावीचाही भाग होता, तो मी आधीच बघून ठेवला होता. प्रक्षेप्य गतीचे, म्हणजे फेकलेली वस्तू कशी जाते त्याचे व्हिडिओ तर दोनदा. पहिल्या चाचणीत फिजिक्सला २५ पैकी ४. पेपर सोपा होता, हे सगळ्यात वाईट. प्रत्येक प्रश्न ओळखीचा वाटत होता, आणि पहिल्या ओळीच्या पुढे पेन जात नव्हतं. पुढे कॉलेजात वाचलं की हे माझं एकटीचं नाही. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने वाचून झाल्यावर तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, आठवड्याने विचारलं तर लिहिणारे. मी त्या पहिल्या गटातली, फक्त माझ्या वाचण्याला मागून संगीत होतं आणि त्याचे महिना दोन हजार पडत होते.

आता तंत्रज्ञानाचं. मी तंत्रज्ञानाच्या विरोधात आहे असं समजू नका, तेच शिकतेय. जून २०२० पासून आमच्या शाळेचे गणिताचे सर व्हॉट्सॲपवर रोज एक फोटो टाकायचे. वहीच्या पानावर हाताने लिहिलेलं एकच उदाहरण. उत्तर नाही. संध्याकाळी आण्णा दूध घालून आले की फोन माझ्याकडे, मग मी वहीत सोडवून फोटो पाठवायचा. रात्री दहाच्या सुमारास तोच फोटो परत यायचा, चुकलेल्या पायरीभोवती बोटाने काढलेला वेडावाकडा लाल गोल. कधी सोबत वीस सेकंदांचा आवाज: “इथं वजाचं अधिक कुठनं झालं गं? बघ परत.” पाठीमागे त्यांच्या घरची भांडी वाजताना ऐकू यायची. ४३ पोरांच्या वह्या ते असे बघायचे. त्यांच्या फोनची काच तडकलेली होती, त्यामुळे लाल गोल एका ठिकाणी कायम तुटायचा.

हेही तंत्रज्ञानच. सात हजारांचा फोन आणि महिन्याचा रिचार्ज.

अकरावीला त्या चार मार्कांनंतर आमच्या फिजिक्सच्या सरांनी प्रोजेक्टरवर फेट लावलं, म्हणजे स्क्रीनवर प्रयोग करून बघायचं सॉफ्टवेअर. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाने केलेलं आहे, फुकट, मराठीतही आहे. तोफेचा कोन बदलायचा आणि गोळा कुठे पडतो बघायचं. पण सर आधी म्हणायचे, कोन ३० ठेवला तर किती लांब जाईल ते वहीत काढा, मगच बटण दाबीन. अख्खा वर्ग खाली मान घालून गणित करायचा आणि मग गोळा उडायचा. माझा पहिल्यांदा मी काढलेल्या अंतरावर पडलाच नाही, कारण मी साइनच्या जागी कॉस घेतला होता. तो गोळा मला अजून दिसतो. व्हिडिओत कुणाचाच गोळा कधी चुकत नाही हो.

त्यानंतर मी स्वतःला एक नियम घातला, आजही पाळते: व्हिडिओत उदाहरण सुरू झालं की थांबवायचं, स्वतः सोडवायचं, अडलं तरच पुढचे दहा सेकंद बघायचे. वीस मिनिटांच्या व्हिडिओला सव्वा तास लागतो. अशाने बारावी झाली, सीईटीही झाली. (चॅटजीपीटीने हा नियम एकदा मोडायला लावला. एसईला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, आख्खा प्रोग्राम त्याच्याकडून लिहून घेतला आणि तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी एका लूपवर बोट ठेवून विचारलं, हा शून्यापासून का सुरू होतो? मी पंख्याकडे बघत बसले.)

आता मामाचं. तो अजून प्रत्येक लग्नात सांगतो, “टॅब घेऊन दिला म्हणून पोरगी इंजिनिअरिंगला गेली.” मला दहावीला ९३ टक्के पडले होते, ते त्याचं पदक. मामा, हे उत्तर तुला कुणीतरी दाखवेलच, म्हणून इथेच लिहिते. २०२१ ला दहावीची परीक्षा झालीच नाही. प्रत्येक विषयाचे १०० पैकी ५० गुण नववीच्या निकालावरून, ३० दहावीच्या वर्षभरातल्या शाळेतल्या लेखी कामावरून आणि २० तोंडी, प्रात्यक्षिक वगैरेवरून. नववीचीही वार्षिक परीक्षा लॉकडाउनने गेली होती, तिथे पहिलं सत्र धरलं. म्हणजे निम्मे गुण २०१९ च्या दिवाळीआधीचे, तेव्हा तो टॅब आपल्या घरात नव्हता. उरलेल्यातलं बरंचसं सरांच्या लाल गोलांचं. त्या वर्षी राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला, त्या सगळ्यांच्या घरी तू टॅब पोचवला होतास का?

आणि जे तू सांगत नाहीस तेही लिहिते. जुलैत मी टॅब नको म्हटलं, परत करू म्हटलं. कंपनीने सांगितलं, परत करायची मुदत संपली. हप्ता थांबवायला गेलो तर कळलं की कर्ज कंपनीचं नाहीच, वेगळ्याच फायनान्सवाल्याचं आहे. टॅब चालो न चालो, हप्ता चालू. दोन हप्ते बाउन्स झाले, प्रत्येकाला ५९० रुपये दंड. पुढच्या वर्षी आण्णा गाईच्या कर्जासाठी बँकेत गेले तेव्हा साहेबांनी स्क्रीन बघून विचारलं, “हे शिक्षणाचं कसलं थकवलंय?” आण्णांना सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, हा शब्द त्या दिवशी कळला. गाय त्यांनी मग आईच्या बोरमाळेवर घेतली.

तर तुमच्यासाठी. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पालकांना सावध करणारी सूचना काढली होती, आमच्यानंतर अकरा महिन्यांनी. खात्यातून हप्ता आपोआप कापायला परवानगी देऊ नका, ‘फ्री’ म्हणून सांगतात ते नीट तपासा, पक्कं बिल घ्या, असं त्यात आहे. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार मोबाईलवरून दिलेल्या कर्जाचा सगळा खर्च एका पत्रकात दाखवावा लागतो आणि कर्जातून माघार घ्यायला मुदत द्यावी लागते. ही मुदत कोर्सच्या ‘मनी बॅक’पेक्षा वेगळी असते, दोन्ही लेखी मागा. फसलात तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. ‘नो कॉस्ट’, म्हणजे बिनव्याजी हप्ता, म्हणाला की कर्ज कोण देतंय त्याचं नाव विचारा, तिथेच अर्धे विक्रेते बॅग उचलतात.

त्याऐवजी काय घ्यायचं, हा तुमचा खरा प्रश्न होता बहुतेक. पुस्तकावरच्या क्यूआर कोडने दीक्षा हे सरकारी अभ्यासाचं ॲप उघडतं, ते फुकट आहे. भूमिती-आलेखांचं जिओजेब्रा, फेट फुकट. घरातला जुना फोन पुरतो. पण मुलीच्या वहीत रोज डोकावणारं कुणी नसेल तर हेही फार कामाचं नाही. गावात बीएस्सी करणारी एखादी ताई असेल तर महिना पाचशे देऊन तिलाच व्हॉट्सॲपवर वह्या बघायला सांगा.

एक मात्र मान्य करते. हा माझा अनुभव आहे, आणि मी चिडून लिहितेय. पुण्यातली माझी मावसबहीण असल्याच कोर्सवर छान शिकली, पण तिची आई रोज शेजारी बसायची. आणि हॉस्टेलवर माझी रूममेट डोळ्यांनी अगदीच कमी बघते, टॉकबॅक आणि एनव्हीडीए या स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर ती आख्खी पुस्तकं ऐकते. तंत्रज्ञान घ्यावं का, असं तिला विचारलं तर ती हसेल. तुमच्या मुलीची तशी काही गरज असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा.

तो टॅब अजून घरी आहे. बॅटरी फुगली म्हणून आईने बाहेर पडवीत ठेवलाय. त्याचं कव्हर चांगलं होतं, त्यात आता दुधाच्या पावत्या ठेवते.

रविवारी तो येणारच असेल तर येऊ दे, चहा पाजा. फोन मात्र त्याच्या हातात देऊ नका. आणि मुलीला त्या दिवशी सकाळीच मैत्रिणीकडे पाठवून द्या.