चिमटा कसा धरला होतास?

प्रिय मुली,

रविवारी विश्रामबागेत घरी येऊन तू मोबाइलवर तांब्याचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातला तो फोटो दाखवलास आणि विचारलंस, "सर, ही डिसलोकेशन्स खरी का हो?" म्हणजे अणूंच्या रांगांतले ते रेषेसारखे दोष. तुझा चहा तसाच निवून गेला आणि मी काहीच बोललो नाही.

मला फोटोपेक्षा नमुन्याची काळजी लागली होती. तांब्याची ती तीन मिलिमीटरची चकती कापली कुणी, पॉलिश कुणी केली? "लॅबमधल्या दादांनी तयार दिली," म्हणालीस. तिथंच सगळं अडलं. नमुना स्वतःच्या हातानं कर.

घरी एक करून बघ. तापवून मऊ केलेली तांब्याची तार बोटांनी वाकव आणि त्याच जागी सरळ करायला जा. अडते ना? त्या एका वाकण्यानं आत डिसलोकेशन्सची गर्दी होते. मग चकती पातळ करताना मधे पडलेल्या भोकाच्या कडेचा शंभर नॅनोमीटरचा पापुद्रा चिमट्यात जरासा दबला, तर तू मोजतेस ते दोष तांब्याचे की चिमट्याचे?

तुझ्या फोटोत कडेला रुंद काळे पट्टे आहेत. नमुना थोडा तिरका कर. पट्टे सरकत गेले, तर पापुद्रा वाकलाय. बारीक रेषा जागेवर राहिल्या, तर पुढं बोलू. एखादी रेषा दिसेनाशी झाली, म्हणून ती नाही असं लिहून मोकळी होऊ नकोस. ती इलेक्ट्रॉनच्या कुठल्या परावर्तनात दिसत नाही, यावरूनच तिचा बर्गर्स व्हेक्टर, म्हणजे त्या दोषानं अणू किती आणि कुठल्या दिशेनं सरकले ते, हाती लागतो.

टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी डिसलोकेशनची कल्पना 1934 मध्ये मांडली. हिर्श, हॉर्न आणि व्हेलन यांना ती ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यात सरकताना दिसली 1956 मध्ये. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक त्याआधीच आला होता, पण एवढा पातळ पापुद्रा जमवायला वेळ लागला. आणि तुझ्या गाइडना पंधरा दिवसांत चित्र हवंय! हवं असू दे.

मीही एकदा दुसऱ्याच्या हातचा तयार नमुना घेतला होता. चार महिने त्यातली डिसलोकेशन्सची वेटोळी मोजली, आलेख काढले. एका ज्येष्ठांनी एवढंच विचारलं, "हा आयन बीमनं पातळ केलाय का?" केला होता. आयनांच्या माऱ्यानं तांब्यात वेटोळी तयार होतात, आणि मी तीच मोजत बसलो होतो. वही मिटली. त्यानंतर कुणाच्या हातचा नमुना घेतला नाही. लोक हट्टी म्हणाले, पेपर मोजकेच झाले, बढती मागं पडली. पण त्यातली एकही रेषा मला खोडावी लागली नाही, आणि यात माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

म्हणून पुन्हा सांगतो, स्वतःच्या हातानं कर. चकती पातळ करायचं नायट्रिक-मिथेनॉलचं द्रावण उणे 30 अंशांच्या आसपास थंड ठेव, आणि ते काम एकटीनं करू नकोस, कुणाला तरी सोबत घे.

शनिवारी ये. माझा जुना चिमटा काढून ठेवतो. चकती कडेला कशी धरायची, ते दाखवतो. पहिल्या आठ-दहा वाया जातील. त्या टाकू नकोस, डबीत घालून घेऊन ये.

तुझे सर