गाडीवर बसल्यामुळे झालं का?

प्रश्न : माझं वय २७. पहिल्यांदाच दिवस गेले होते. नऊ आठवडे चार दिवस झाले तेव्हा, मंगळवारी, सोनोग्राफी केली. ठोके नाहीत म्हणाले. रिपोर्टवर ‘११ मिमी, ७ आठवडे २ दिवस’ आणि खाली ‘मिस्ड अबॉर्शन’ लिहिलंय. गोळ्या घेऊन १२ दिवस झाले, अजून थोडं अंगावरून जातंय. सोनोग्राफीच्या आधीच्या शनिवारी मी नवऱ्याच्या मागे गाडीवर बसून सांगलीला गेले होते, तिथे पिकलेल्या पपईच्या दोन फोडी खाल्ल्या. सासूबाई म्हणतात, त्यानेच झालं, आता पिशवी धुऊन घे. जाऊबाईंनी रिपोर्ट वाचून ‘तूच पाडलंस का?’ असं विचारलं. मी पतसंस्थेत नोकरी करते, चौथ्या दिवशीच कामावर गेले. माझं काय चुकलं?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : तुमचं काहीही चुकलेलं नाही, आणि त्याचा पुरावा तुमच्याच रिपोर्टवर आहे.

माझ्या टेबलावर एक कॅलेंडर असतं. अशा वेळी मी पेन बाईच्याच हातात देते आणि चौकटी मोजायला लावते. तुम्हीही मोजा. तारखेने ९ आठवडे ४ दिवस, बाळाचं माप ७ आठवडे २ दिवसांचं. मध्ये १६ दिवस. तुमची पाळी नियमित असेल, तर वाढ सोनोग्राफीच्या १६ दिवस आधीच थांबली होती. गाडीवर तुम्ही बसलात तीन दिवस आधी. मापात चार-दोन दिवस इकडेतिकडे धरले, तरी शनिवारी वाढ आधीच थांबलेली होती. परवा एकीचं पेन असंच एका चौकटीवर थांबलं आणि ती बराच वेळ काही बोललीच नाही. महिनाभर ती स्वतःला दोष देत होती.

दिवस गेल्याचं कळल्यानंतरही शंभरात १० ते २० वेळा असं होतं, बहुतेकदा पहिल्या १२ आठवड्यांत. त्यातल्या निम्म्याहून अधिक वेळा बीजातच गुणसूत्रांचा हिशेब चुकलेला असतो. गाडी, जिना, पिकलेली पपई यांचा त्याच्याशी संबंध नाही.

‘अबॉर्शन’ या शब्दाचा मला खरंच राग येतो. डॉक्टरी भाषेत आपोआप थांबलेल्या गर्भालाही तोच शब्द आहे, आणि घरी तो वाचला की बाई आरोपी होते. मी आता केसपेपरवर तो लिहीत नाही, ‘वाढ थांबली’ असं मराठीत लिहिते. जाऊबाईंना एवढंच सांगा.

आता पिशवीचं. गोळ्यांनंतर दोन, कधी तीन आठवडे थोडं अंगावरून जाऊ शकतं. तेवढ्यासाठी क्युरेटिंग, म्हणजे पिशवी खरवडून घ्यायची गरज नाही. गोळ्या घेतल्यापासून तीन आठवड्यांनी घरीच प्रेग्नन्सीची युरिन टेस्ट करा. अजूनही पॉझिटिव्ह आली तर डॉक्टरांना दाखवा. काही राहिलंच असेल तर पुन्हा गोळ्या देता येतात किंवा सक्शनने पिशवी रिकामी करतात. खरवडण्यापेक्षा ते सुरक्षित. मात्र तासाला दोन पॅड भिजायला लागले, ताप आला, वास यायला लागला किंवा चक्कर आली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

रक्तगट तुम्ही लिहिलेला नाही. तो निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन (रक्तगटामुळे पुढच्या बाळाला त्रास होऊ नये म्हणून देतात ते) दिलं का, हे आजच फोन करून विचारा. ते ७२ तासांत देणं चांगलं, पण राहून गेलं असेल तर डॉक्टरांना कळलंच पाहिजे.

कामावर चौथ्या दिवशी जावं लागलं, याचं मला वाईट वाटलं. अशा वेळी सहा आठवड्यांची पगारी रजा कायद्यानेच दिली आहे; पूर्वी ती १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात होती, नोव्हेंबर २०२५पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या पतसंस्थेत तुम्ही आधीच्या वर्षात ८० दिवस काम केलं असेल, तर डॉक्टरांचा दाखला जोडून अर्ज करा.

पुढच्या वेळचं विचारलं नाहीत, पण मनात असेलच. एक पाळी येऊन गेली की तारखेचा हिशेब सोपा जातो, एवढंच. सहा महिने थांबायची गरज नाही. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मात्र आत्तापासून सुरू ठेवा. तपासणीला जाताना सासूबाईंनाही बरोबर न्या, आणि तारखेचा नि मापाचा असे ते दोन आकडे त्यांच्यासमोर वाचायला डॉक्टरांना सांगा.